नाशिकच्या हवेत इग्वाना कसा सांभाळावा

दुकानात दिसणारं इग्वानाचं वीतभर हिरवंगार पिल्लू तीन वर्षांत शेपटीसकट चार फुटांच्या पुढे जातं. पूर्ण वाढलेला नर पाच-सहा फुटांचा आणि चार ते सहा किलोंचा होतो. नीट सांभाळला तर १५ ते २० वर्षं जगतो. म्हणजे आज दहावीतल्या मुलाच्या हट्टापायी आणलेला इग्वाना त्याच्या लग्नातही घरात असू शकतो, आणि त्याला तेव्हाही एका कपाटाहून मोठी जागा, रोजचा ताजा पाला आणि दिवसभराची ऊब लागणारच आहे. घरातल्या सगळ्यांनी हे ऐकून मान डोलावली तरच पुढे जावं.

हा प्राणी मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. नदीकाठच्या उंच झाडांवर, दमट आणि उबदार हवेत राहणारा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांखाली उतरतो, निफाडकडे त्याहूनही खाली, आणि फेब्रुवारीपासून मेपर्यंत हवा कोरडीठाक असते. त्यामुळे मुंबईतल्या मित्राचा सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. तिथे दमटपणा आणि रात्रीची ऊब आपोआप मिळते, इथे दोन्ही आपल्याला तयार करावी लागतात.

दुसरी गोष्ट या लेखभर पुन्हा पुन्हा येईल. इग्वाना दुखणं लपवतो. रानात आजारी दिसणारा प्राणी आधी मारला जातो, म्हणून तो शेवटपर्यंत ठणठणीत असल्यासारखा बसून राहतो. ‘काही नाही, छान आहे’ या अंदाजावर त्याला सांभाळता येत नाही. तापमान, दमटपणा, वजन, विष्ठा या गोष्टी मोजायच्या, बघायच्या आणि वहीत लिहायच्या.

आधी कागद

हिरवा इग्वाना आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि अशा विदेशी प्रजाती अनुसूची ४ मध्ये आल्या. २०२४ च्या नियमांनुसार असा जिवंत प्राणी जवळ असेल तर त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवरून राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करावी लागते. प्राणी एकाकडून दुसऱ्याकडे गेला, पिल्लं झाली किंवा तो मेला, तरी कळवावं लागतं.

तेव्हा विकणाऱ्याकडे पहिला प्रश्न किमतीचा नको, नोंदणीचा हवा. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. शंका असेल तर वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारून या. कोणी इग्वाना म्हणून घोरपडीचं पिल्लू दाखवत असेल तर तिथून सरळ निघा. घोरपड आपल्या कायद्यात अनुसूची १ मध्ये आहे, ती घरात ठेवणं हा गंभीर गुन्हा आहे.

पिल्लू निवडताना रंगापेक्षा हालचाल बघा. हात जवळ नेल्यावर ते पळायला बघत असेल तर चांगलंच आहे. गुमान हातात बसणारं पिल्लू ‘माणसाळलेलं’ म्हणून विकतात, पण बहुतेकदा ते अशक्त किंवा थंड पडलेलं असतं. शेपटीचा बुंधा भरलेला हवा, कंबरेची हाडं वर आलेली नकोत, खालचा जबडा घट्ट हवा.

पिंजरा, प्राणी यायच्या आधी

इग्वाना झाडावरचा आहे, म्हणून लांबीइतकीच उंचीही महत्त्वाची. मोठ्या इग्वानासाठी सहा फूट उंच, सहा फूट लांब आणि तीन फूट खोल ही किमान जागा समजा. पिल्लाला छोट्या पिंजऱ्यात सुरुवात केली तरी वर्ष-दीड वर्षात तो बदलावा लागतो, त्यामुळे मी तरी पहिल्यापासूनच मोठा करून घ्या असं सांगेन. सातपूर-अंबडकडच्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला माप देऊन सांगाडा करून घेता येतो. जुनं भक्कम लाकडी कपाटही उत्तम चालतं.

चारही बाजूंनी जाळीचा पिंजरा नाशिकला नको. थंडीत ऊब आणि उन्हाळ्यात ओलावा, दोन्ही जाळीतून निघून जातात. तीन बाजूंना प्लायवूड, त्यावर आतून पाण्याला टिकणारा रंग, पुढे अॅक्रिलिकचं दार आणि हवेसाठी खाली एका बाजूला व वर दुसऱ्या बाजूला जाळीच्या पट्ट्या, ही रचना इथे सगळ्यात चांगली. रंगाचा वास पूर्ण गेल्याशिवाय प्राणी आत सोडू नका.

आत तिरक्या फांद्या बसवा. फांदी त्याच्या अंगाइतकी तरी जाड हवी. पेरू किंवा जांभळाची वाळलेली फांदी मजबूत असते. कण्हेरीची अजिबात नको, ती विषारी आहे. उबेच्या दिव्याखाली एक रुंद फळी द्या म्हणजे तो पूर्ण अंग पसरून बसेल. तळाला वर्तमानपत्र घाला. वाळू, भुसा, लाकडाचे तुकडे टाकले की खाताना पोटात जाऊन आतडं तुंबतं.

पिंजरा तयार झाल्यावर आठवडाभर तो रिकामाच चालवा. दिवे, हीटर, थर्मामीटर सगळं लावा आणि सकाळी, दुपारी, पहाटे आकडे लिहा. पहाटेचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. तो बरोबर येत नसेल तर प्राणी आणायची वेळ अजून झालेली नाही.

ऊब आणि ऊन या दोन वेगळ्या गोष्टी

इथे बहुतेकांची गल्लत होते. दिव्याने ऊब मिळते म्हणून ऊनही मिळालं असं वाटतं.

आधी ऊब. इग्वानाचं शरीर स्वतः उष्णता तयार करत नाही. पुरेशी ऊब नसेल तर खाल्लेला पाला पचत नाही, आतच सडतो. दिव्याखालच्या फळीवर ३२ ते ३५ अंश सेल्सिअस, पिंजऱ्याच्या थंड बाजूला २६ ते २८ आणि रात्री २३-२४ च्या खाली नाही, असा हिशेब ठेवा. दिवसा साधा पिवळ्या प्रकाशाचा, तापणारा तारेचा बल्ब (एलईडी नव्हे) पुरतो. रात्री उजेड नको, म्हणून प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडून लावा. लाल-निळे ‘नाइट बल्ब’ घेऊ नका, त्यांनी झोप मोडते. गरम होणारे खोटे दगडही मिळतात. त्यांवर पोट भाजतं आणि इग्वानाला ते वेळेत कळत नाही. बल्ब आणि हीटर दोन्हींभोवती जाळीचं आवरण हवंच.

आता ऊन. उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी त्याच्या कातडीत ड-३ जीवनसत्त्व बनतं आणि त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडांत जात नाही. काचेतून हे किरण येत नाहीत. खिडकीच्या बंद काचेआड दिवसभर बसलेला इग्वाना उबदार असतो, पण त्याला ऊन मिळालेलं नसतं. म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची टी-फाइव्ह यूव्हीबी ट्यूब रोज १२ तास हवी, आणि ती व प्राणी यांच्यामध्ये काच किंवा अॅक्रिलिक नको. अंतर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे, साधारण फूटभर. ट्यूब पेटलेली दिसत राहते पण तिच्यातले किरण कमी होत जातात, त्यामुळे वर्षाच्या आत बदलायची. बसवल्याची तारीख मार्करने ट्यूबच्या टोकावर लिहून ठेवा. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातली यूव्ही ट्यूब काढून लावण्याचा जुगाड कोणी सुचवला तर ऐकू नका. ते किरण वेगळे असतात आणि प्राण्याचे व तुमचेही डोळे जाळतात.

ट्यूब असली तरी खऱ्या उन्हाची सर तिला नाही, आणि ऊन ही नाशिकची मोठी देणगी आहे. हिवाळ्यात सकाळी साडेनऊ-दहानंतर, उन्हाळ्यात नऊच्या आत, अर्धा तास गच्चीत किंवा बाल्कनीत बसवा. त्यासाठी जाळीचा वेगळा पिंजरा ठेवा, त्याचा अर्धा भाग सावलीत हवा. मांजर, कावळे आणि घारी यांच्यामुळे मोकळं सोडू नका. काचेची टाकी उन्हात कधीच ठेवू नका, काही मिनिटांत आतली हवा जीवघेणी तापते.

विजेचा हिशेबही आधीच करा. १०० वॉटचा बल्ब ११ तास, ३९ वॉटची ट्यूब १२ तास आणि १०० वॉटचा हीटर रात्रभर असं धरलं तर थंडीत महिन्याला ८० ते ८५ युनिट होतात. थर्मोस्टॅटमुळे काही वाचतात. वीज गेली तर हीटर इन्व्हर्टरवर जास्त वेळ टिकत नाही, तेव्हा जानेवारीत दोन जाड गोधड्या आणि गरम पाण्याच्या बाटल्या हाताशी ठेवा. बाटली टॉवेलात गुंडाळून आत ठेवायची, वरून गोधडी टाकायची, हवेची पट्टी उघडी ठेवायची.

एप्रिल-मेमध्ये उलटा प्रश्न येतो. वरच्या मजल्यावरच्या, स्लॅब तापणाऱ्या खोलीत दुपारी ४० अंश सहज होतात. त्या दिवसांत बल्ब बंद ठेवा, यूव्हीबी ट्यूब तेवढी चालू द्या. तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागला तर लगेच सावलीत, थंड जागी न्या. खोलीत कूलर लावायला हरकत नाही, त्याने ओलावाही वाढतो. फक्त झोत थेट पिंजऱ्यावर नको.

कोरड्या हवेशी झुंज

मोठे इग्वाना मूत्रपिंड निकामी होऊन दगावतात, आणि त्यामागे बऱ्याचदा वर्षानुवर्षं थोडं थोडं कमी पडलेलं पाणी असतं. हवेत ६५ ते ७५ टक्के दमटपणा हवा. मार्चमध्ये आपल्याकडे दुपारी तो याच्या निम्म्याहूनही खाली जातो.

सकाळी आणि दुपारी पिंजऱ्यात कोमट पाण्याचा फवारा मारा. थंडीत संध्याकाळी मारू नका. ओलं अंग आणि गार रात्र एकत्र आली की छाती भरते. पाल्यावर पाणी शिंपडूनच वाढा. एक मोठं, जड, पाण्याने भरलेलं भांडं आत कायम ठेवा आणि रोज धुवा. इग्वानांना पाण्यात शी करायची सवय असते, त्यामुळे हे काम टळत नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा वेगळ्या टबात खांद्यापर्यंत येईल इतक्या, ३० अंशांच्या आसपासच्या पाण्यात १५ मिनिटं बसवा. गीझरचं पाणी हाताला बरं वाटलं तरी थर्मामीटर बुडवून बघा. त्याला पाण्यात एकटं सोडून जाऊ नका.

शरीरात पाणी पुरेसं आहे का हे विष्ठेतल्या पांढऱ्या भागावरून कळतं. तो मऊ, ओला असेल तर ठीक. खडूसारखा कडक, रवाळ झाला तर पाणी कमी पडतंय. काचेवर किंवा नाकपुड्यांभोवती पांढरे कोरडे ठिपके दिसले तर मात्र घाबरू नका. इग्वाना शिंकतो आणि अंगातलं जादा मीठ नाकातून बाहेर टाकतो, ते त्याचे ठिपके असतात.

पावसाळ्यात हे सगळं उलट होतं. फवारा कमी करा, प्लायवूडच्या कोपऱ्यात बुरशी बघत राहा, वर्तमानपत्र ओलं राहू देऊ नका. सतत ओल्या जागी बसलेल्या इग्वानाच्या पोटावर फोड येतात.

पाला

इग्वाना शंभर टक्के शाकाहारी आहे. अंडं, चिकन, कुत्र्याचं खाणं, किडे, पनीर यांतलं काहीही नको. तो आवडीने खातो आणि वाढही झपाट्याने होते, म्हणून काही जण देतात. नुकसान काही वर्षांनी मूत्रपिंडात दिसतं.

त्याच्या आहारात फॉस्फरसच्या दुप्पट कॅल्शियम हवं. हे एक सूत्र लक्षात ठेवलं की बाजारातली कुठली जुडी उचलायची हे कळतं. रोजच्या ताटाचा पाया म्हणून शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं, तुतीची पानं आणि लसूणघास. शेवगा आणि जास्वंद तर कोणाच्या ना कोणाच्या अंगणात असतातच. लसूणघास जनावरांचा चारा विकणाऱ्यांकडे मिळतो. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात सकाळी लवकर गेलात तर ताजा पाला हवा तेवढा मिळतो. भाजीवाल्या मावशींना सांगून ठेवलं तर शेवग्याच्या डहाळ्या राखून ठेवतात. मेथी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला आलटून पालटून घाला. त्यात थोडी बारीक चिरलेली फरसबी, किसलेला लाल भोपळा, भेंडी, दोडका. फळं ताटाच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नकोत, त्यातही अंजीर आणि पपई चांगली. जास्वंदीचं लाल फूल वर ठेवलं की नवखं, बुजलेलं पिल्लूही खायला पुढे येतं. आधी जिभेने हलकेच चाटून बघतं, मग पाकळी ओढून घेतं.

पालक, चाकवत, राजगिरा, तांदुळजा आणि घोळ या भाज्या आपल्याला पौष्टिक, पण त्यांतलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून क्वचितच. कोबी-फ्लॉवरचंही तसंच, रोज दिल्यास थायरॉइडवर ताण येतो. लेट्यूसमध्ये पाण्याखेरीज फार काही नसतं. कांदा आणि अॅव्होकाडो अजिबात नको. घरात मोकळा फिरत असेल तर कण्हेर, घाणेरी, धोतरा आणि डिफनबाकियाच्या कुंड्या आधी हलवा.

द्राक्षाच्या पानाबद्दल नाशिककरांना वेगळं सांगायला हवं. द्राक्षाचं पान इग्वानासाठी खरोखर उत्तम, कॅल्शियमने भरलेलं. एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर फुटींची विरळणी होते तेव्हा बागेत कोवळ्या पाल्याचे ढीग पडतात आणि ओळखीचा बागायतदार म्हणतो, घेऊन जा. घेऊ नका. खरड छाटणीपासून ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या गोडी छाटणीपर्यंत आणि पुढे द्राक्षांच्या तोडणीपर्यंत व्यापारी बागेत बुरशीनाशकांच्या फवारण्या चालूच असतात, आणि काही औषधं पानाच्या आत मुरलेली असतात, ती धुऊन जात नाहीत. पाव किलोच्या पिल्लाला हा डोस झेपणार नाही. द्राक्षपान द्यायचंच तर गच्चीत कुंडीत स्वतःचा वेल लावा. नर्सरीतून आणलेल्या जास्वंदीलाही हाच नियम: नवी फूट येऊन दोन-अडीच महिने झाल्यावरच तिची पानं तोडा.

पाला मिठाच्या पाण्यात नाही, साध्या पाण्यात भिजवून दोन-तीनदा खळखळून धुवा. पिल्लासाठी बारीक चिरा. तुकडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. सकाळी दिवा लागल्यावर तासाभराने वाढा, म्हणजे पचायला पूर्ण दिवसाची ऊब मिळते. दुपारनंतर नवीन खाणं नको. वाढत्या पिल्लाच्या पाल्यावर आठवड्यातून चार-पाच दिवस फॉस्फरस नसलेली कॅल्शियम पावडर भुरभुरवा, मोठ्याला एक-दोन दिवस पुरते. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या अंदाजाने कुटून घालू नका.

सलगी हळूहळू

आणल्यावर पहिले दोन आठवडे हात लावू नका. फक्त खाणं-पाणी आणि सफाई. नंतर रोज त्याच वेळी पिंजऱ्यापाशी बसा, हातातून जास्वंदीचं फूल द्या. वरून झडप घातल्यासारखा हात नेऊ नका. त्याच्या डोक्याच्या मध्यावर मोहरीएवढा, फिकट, गोल खवला दिसेल. तो उजेड-सावली ओळखणारा तिसरा डोळा आहे. वरून सावली पडली की त्याला शिकारी पक्षी आल्यासारखं वाटतं. बाजूने, खालून, छातीखाली हात घाला आणि मागच्या पायांना आधार द्या. शेपटी धरू नका, ती तुटते. मान जोरजोराने हलवणं, गळ्याची पिशवी ताणून अंग चपटं करणं म्हणजे ‘लांब राहा’. तेव्हा लांबच राहा, नाहीतर शेपटीचा फटका बसतो आणि तो चांगलाच लागतो.

नर वयात आला की वर्षातले काही महिने केशरी छटा चढते आणि तो चिडखोर होतो. अशा वेळी चेहऱ्याजवळ घेऊ नका. मादी नराशिवायही अंडी घालते. तिचं खाणं कमी झालं, पोट गोट्यांनी भरल्यासारखं दिसलं आणि ती कोपरे उकरू लागली तर तिला आत शिरता येईल असा खोल, ओलसर मातीचा डबा द्या. जागा मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकतात आणि जिवावर बेततं.

हाताळल्यावर दर वेळी साबणाने हात धुवा. निरोगी दिसणाऱ्या इग्वानाच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये त्याचं भांडं किंवा तो स्वतः कधीही नको. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई किंवा फार वृद्ध माणूस घरात असेल तर सध्या इग्वाना आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुखणं कसं ओळखायचं

महिन्याला एकदा, सकाळी खायच्या आधी, वेगळ्या ठेवलेल्या काट्यावर वजन करा. पिल्लाचं वजन वाढतच राहायला हवं. मोठ्याचं सलग दोन महिने उतरलं तर डॉक्टर गाठा.

सगळ्यात जास्त आढळणारा आजार हाडांचा आहे, कॅल्शियम किंवा यूव्हीबी कमी पडल्याचा. त्याची खूण फसवी असते. मांड्या जाड, गोल, टणक होतात आणि लोक म्हणतात, ‘काय गुटगुटीत झालाय!’ बाकी अंग मात्र वाळलेलं असतं. हाड कमजोर झालं की शरीर त्याभोवती तंतू भरतं, ती सूज असते. खालच्या जबड्याला बोटाने हळूच दाबा; रबरासारखा लवचिक लागला, पायाची बोटं थरथरली, किंवा चालताना पोट जमिनीवरून उचललं गेलं नाही, तर एक दिवसही थांबू नका.

कात तुकड्यातुकड्यांनी जाते. बोटांवर आणि शेपटीच्या टोकावर जुनी कात कड्यासारखी अडकली तर रक्त पोहोचत नाही आणि तो भाग काळा पडून गळतो. कोमट पाण्यात भिजवून सुटी करा, ओढून काढू नका.

कुत्रा-मांजरांचे डॉक्टर नाशिकमध्ये गल्लोगल्ली आहेत, सरपटणाऱ्यांवर हात बसलेले मोजके. इग्वाना आणायच्या आधीच दोन-चार दवाखान्यांत जाऊन थेट विचारा: इग्वानाचा एक्स-रे काढता का, रक्त घेता का? नाही म्हणाले तर मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा पुण्यातले विदेशी प्राण्यांचे डॉक्टर हा पर्याय ठरवून ठेवा. नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

जाताना त्याला हवेशीर उशीच्या अभ्र्यात घालून झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्याला भोकं हवीत. थंडीचे दिवस असतील तर बाजूला टॉवेलात गुंडाळलेली कोमट बाटली. गाडीत एसीचा झोत त्याच्यावर येऊ देऊ नका. सोबत छोट्या डबीत त्या दिवशीची ताजी विष्ठा, पिंजऱ्याचा मोबाइलवर काढलेला फोटो, ट्यूब बसवल्याची तारीख आणि वजन-तापमानाची वही न्या. डॉक्टर पहिले प्रश्न याच गोष्टींबद्दल विचारतील.